तारे पिणारा भिक्षू आणि पांढऱ्या द्राक्षांची साक्ष

१/
अंध भिक्षू, मठाचे गार तळघर आणि बाटलीत अवचित उमटलेले बुडबुडे. पहिला घोट घेताच तो आपल्या बांधवांना हाक मारतो : धावत या, मी तारे पितो आहे! शॅम्पेनच्या जन्माची ही कथा पर्यटनाच्या माहितीपत्रकांपासून प्रश्नमंजूषांपर्यंत सर्वत्र भेटते. तिच्यातले तळघर तेवढे खरे आहे. उरलेली कथा त्या भिक्षूच्या मृत्यूनंतर शंभरेक वर्षांनी आकाराला आली आणि ती टिकवण्यात अनेकांचे हितसंबंध गुंतले होते. त्या कथेची ही उलटतपासणी. (धागा)

२/
या खटल्यातील मुख्य साक्षीदार माणूस नसून एक बाटली आहे : ‘ब्लाँ द ब्लाँ’, म्हणजे पांढऱ्यांपासून केलेली पांढरी. शॅम्पेन प्रामुख्याने तीन द्राक्षांपासून होते. पिनो न्वार आणि मनिए ही दोन काळ्या सालीची, तर शार्दने पांढरी. काळ्या द्राक्षाचाही रस आतून पांढराच असतो. हलक्या हाताने पिळले की सालीचा रंग त्यात उतरत नाही. म्हणून बहुतेक ‘पांढऱ्या’ शॅम्पेनमध्ये काळी द्राक्षे असतात. ब्लाँ द ब्लाँमध्ये मात्र केवळ पांढरी.

३/
त्यातही एकाच वर्षाच्या पिकाची बाटली म्हणजे ‘व्हिंटेज’. शॅम्पेन हा थंड, बेभरवशाचा प्रदेश. पाऊस, गारपीट, उशिराचा गारठा यांमुळे एका वर्षाचे पीक दुसऱ्यासारखे येत नाही. म्हणून तेथे अनेक वर्षांच्या वाइन एकत्र मिसळण्याचा रिवाज पडला. वर्ष खरोखर चांगले गेले, तरच ते बाटलीवर छापले जाते. नियमानुसार अशी वाइन बाटलीत भरल्यापासून किमान ३ वर्षे मुरावी लागते. उत्तम ब्लाँ द ब्लाँ याहून कितीतरी अधिक काळ तळघरात पडून असते.

४/
आता आरोपीच्या पिंजऱ्यातील कथेचा नायक. पिएर पेरिन्याँ, जन्म १६३८, मृत्यू १७१५. चौदाव्या लुईच्या जन्ममृत्यूची सालेही हीच. १६६८ मध्ये हे बेनेडिक्टाइन भिक्षू ओव्हिलेरच्या मठात आले आणि अखेरपर्यंत तेथील कोठारी राहिले. कोठारी म्हणजे मठाच्या जमिनी, धान्य, वाइन आणि हिशेब सांभाळणारा कारभारी. ‘डॉम’ ही त्यांच्या पंथातील आदरार्थी उपाधी. येथवर वादाला जागा नाही.

५/
त्यांचे कर्तृत्वही खरे होते. वेलींची कडक छाटणी करून मोजकेच पीक घेणे, सकाळच्या गारव्यात तोडणी करणे, फुटलेले मणी बाजूला काढणे, द्राक्षे झटपट आणि हलकेच पिळून काळ्या द्राक्षांपासून स्वच्छ पांढरी वाइन काढणे, आणि वेगवेगळ्या बागांची द्राक्षे पिळण्यापूर्वीच जुळवणे. ही पद्धती त्यांच्या आणि त्यांच्या काळच्या जाणत्या बागायतदारांच्या नावे नोंदलेली आहे. या यादीत बुडबुडे कोठेही नाहीत.

६/
असतील कसे? त्या काळच्या कोठाऱ्याच्या दृष्टीने बुडबुडा हा दोष होता. हिवाळ्यात थंडीने यीस्ट निपचित पडते, आंबण्याची क्रिया अर्धवट थांबते. वसंतात ऊब आली की उरलेल्या साखरेवर ती पुन्हा सुरू होते आणि वायू सुटू लागतो. कमकुवत बाटली असेल तर फुटते. एक फुटली की तिच्या धक्क्याने शेजारची फुटते. मठाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला या प्रकारात तारे दिसणे कठीण होते.

७/
येथे पहिली निर्णायक साक्ष येते. पेरिन्याँ यांच्या परंपरेतून आलेली शिकवण काळ्या द्राक्षांना, म्हणजे पिनो न्वारला, उचलून धरते आणि पांढऱ्यांना दूर ठेवते. कारण पांढऱ्या द्राक्षांची वाइन वसंतात पुन्हा आंबण्याकडे अधिक झुकते, असे मानले जाई. म्हणजे ज्या गुणासाठी आज ब्लाँ द ब्लाँ डोक्यावर घेतली जाते, त्याच गुणासाठी तिचे द्राक्ष ओव्हिलेरच्या कोठाऱ्याला नको होते. बुडबुड्यांचा जनक बुडबुड्यांचे द्राक्ष टाळत होता!

८/
व्यापाराचे वास्तवही हेच सांगते. पेरिन्याँ यांच्या हयातीत शॅम्पेनची वाइन प्रामुख्याने पिंपांतून विकली जाई. लाकडी पिंपात वायूचा दाब टिकत नाही. फ्रान्समध्ये ही वाइन बाटल्यांतून वाहून नेण्याची राजाज्ञा निघाली ती १७२८ मध्ये, म्हणजे पेरिन्याँ यांच्या मृत्यूनंतर १३ वर्षांनी. ज्या मालाची बाटलीबंद वाहतूकच खुली नव्हती, तो माल त्यांनी ‘शोधून’ बाजारात आणला असे मानायचे, तर आधी पिंपालाच बाटली म्हणावे लागेल.

९/
मग कथा आली कोठून? तिचा मूळ कागद उपलब्ध आहे आणि त्यावर तारीखही आहे. फ्रेंच राज्यक्रांतीत ओव्हिलेरचा मठ बंद पडला. त्या मठाचे शेवटचे खजिनदार डॉम ग्रोसार यांनी १८२१ मध्ये आयी गावाच्या उपनगराध्यक्षांना एक पत्र लिहिले. त्यात प्रथमच ठाम विधान येते की, फेसाळ पांढरी वाइन करण्याचे रहस्य पेरिन्याँ यांना गवसले, आणि बाटलीला बूच लावण्याची रीतही त्यांचीच. पेरिन्याँ जाऊन तोवर १०६ वर्षे लोटली होती.

१०/
या पत्राकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने कसे पाहावे? लिहिणारा वृद्ध, विस्थापित, ज्याचा मठ आणि ज्याचे जग त्याच्या डोळ्यांदेखत मोडले गेले. त्याला मठाची थोरवी जतन करायची आहे. त्याची भावना समजून घेता येते, तिच्याविषयी करुणाही वाटते. परंतु करुणा म्हणजे पुरावा नव्हे. शंभर वर्षांनंतरचा, हितसंबंधी व्यक्तीचा, एकट्याचा दावा ज्या कसोटीवर एरवी फेटाळला जातो, ती कसोटी येथेच का गुंडाळून ठेवावी?

११/
उरलेले अलंकार त्याहून तकलादू. द्राक्ष कोणत्या बागेचे हे न विचारता केवळ चवीवरून पारखणे, या कौशल्याचे पुढे ‘अंधत्व’ झाले. आणि ते तारे? ते वाक्य पेरिन्याँ यांच्या समकालीन कागदांत नाही. ते ठळकपणे दिसू लागते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील जाहिरातींत. म्हणजे ज्या उद्गाराला लोक आध्यात्मिक साक्षात्कार मानतात, ते मुळात विक्रीचे घोषवाक्य आहे.

१२/
आता समुद्रापलीकडे. शॅम्पेनची वाइन पिंपांतून लंडनला जाई आणि तेथे बाटल्यांत भरली जाई. इंग्लंडमध्ये १६१५ मध्ये काचभट्ट्यांत लाकूड जाळण्यावर बंदी आली, कारण लाकूड आरमारासाठी हवे होते. भट्ट्या दगडी कोळशावर गेल्या, आच वाढली आणि काच जाड, गडद व मजबूत झाली. तिला बुचाची जोड मिळाली. फ्रान्समध्ये तेव्हा तेलात भिजवलेला ताग गुंडाळलेल्या लाकडी खुंट्या वापरत. वायू कोंडून ठेवणारे पात्र प्रथम सिद्ध झाले ते असे, जहाजांच्या गरजेतून.

१३/
१७ डिसेंबर १६६२ रोजी ख्रिस्तोफर मेरेट या वैद्य-निसर्गअभ्यासकाचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आला. त्यात नोंद आहे की, वाइनला तरतरी आणि चमचमता फेस यावा म्हणून तेथील वाइनवाले सर्व प्रकारच्या वाइनमध्ये भरपूर साखर आणि काकवी घालतात. पेरिन्याँ ओव्हिलेरला पोहोचायला अजून ६ वर्षे होती. त्याच वर्षी मेरेट यांनी काचनिर्मितीवरील एका इटालियन ग्रंथाचे इंग्रजी भाषांतरही प्रसिद्ध केले. काच आणि साखर, दोन्ही एकाच टेबलावर.

१४/
येथे काही उत्साही मंडळी घाईने नवा पुतळा उभारतात : शॅम्पेनचे जनक मेरेट! भिक्षू उतरवून वैद्य बसवला, चौथरा तोच राहिला. मेरेट यांनी काहीही शोधल्याचा दावा केलेला नाही. त्यांनी आजूबाजूला चाललेली रीत नोंदवली. ती रीत पाडणारे लंडनचे पिंपवाले अनामिक राहिले. फ्रेंच दंतकथेचे खंडन करताना इंग्रज दंतकथा जन्माला घालणे, हे इतिहासलेखन नव्हे. ती फक्त पक्षांतराची हौस.

१५/
फ्रान्समध्ये १७२८ च्या आज्ञेनंतर चित्र पालटले. १७२९ मध्ये रुइनार हे शॅम्पेनचे घराणे स्थापन झाले. १७३५ मध्ये बाटलीचे वजन आणि बूच दोरीने बांधण्याची पद्धत यांवर राजनियम आले. तरीही बाटल्या फुटतच राहिल्या. तळघरातले मजूर तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे घालून काम करीत. ‘तारे पिण्याच्या’ चित्रात हे मुखवटे कधीच काढले जात नाहीत. ज्यांचे डोळे खरोखर धोक्यात होते, त्यांना दंतकथेत जागा नाही. तेथे अंधत्वही भिक्षूच्याच वाट्याला.

१६/
दुसरी लोकप्रिय नायिका म्हणजे बार्ब-निकोल पोंसार्दाँ, अर्थात विधवा क्लिको. १८०५ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, त्यांना वैधव्य आले आणि त्यांनी व्यवसाय हाती घेतला. बाटली उलटी ठेवून, रोज थोडी फिरवत, तळाचा गाळ बुचाकडे आणण्याची पद्धत १८१६ च्या सुमारास त्यांच्या तळघरात विकसित झाली. त्यांचे धैर्य निर्विवाद आहे. पण ती पद्धत सिद्ध करताना त्यांच्यासोबत अँत्वान म्यूलर हे तळघरप्रमुख होते आणि हजारो बाटल्या हाताने फिरवणारे कामगार होते. बाटलीवर नाव एकाचेच मावते. इतिहासाला तेवढी जागेची टंचाई नाही.

१७/
आणि ज्याच्या नावे एकही आलिशान बाटली नाही, तो माणूस म्हणजे ज्याँ-बातिस्त फ्राँस्वा, शालोंचा औषधविक्रेता. १८३० च्या दशकात त्याने वाइनमध्ये उरलेली साखर मोजून पुढे किती घालावी याचे गणित मांडले. आज ढोबळ हिशेब असा : लिटरमागे २४ ग्रॅम साखर बाटलीत आंबली की सुमारे ६ वातावरणांचा दाब तयार होतो, मोटारीच्या टायरच्या दुपटीहून अधिक. या गणिताआधी प्रत्येक बाटली हा जुगार होता. गणितानंतर तो उद्योग झाला. १८४४ मध्ये आदोल्फ जाकसाँ यांनी बुचावरील तारेच्या जाळीचे पेटंट घेतले आणि दोरी मागे पडली.

१८/
तेव्हा ‘शॅम्पेन कोणी शोधली?’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर लांबलचक आहे : हिवाळ्याने, यीस्टने, कोळशाच्या भट्टीने, वसाहतींतून लंडनला येणाऱ्या साखरेने, बुचाच्या झाडाने, पिंपवाल्यांनी, औषधविक्रेत्याने, विधवेने, तिच्या तळघरप्रमुखाने आणि मुखवटा घातलेल्या मजुराने. आणि त्या साखरेमागे होते कॅरिबियन मळ्यांतले गुलाम. हे उत्तर जाहिरातीत बसत नाही, हा त्याचा दोष नव्हे.

१९/
दंतकथेचा उपयोग कोणाला झाला, हे पाहिल्याविना उलटतपासणी अपुरी राहील. एकोणिसाव्या शतकात शॅम्पेनच्या मोठ्या घराण्यांची नावे वाचा : क्रुग, बोलँजे, मुम, डॉइट्झ, हाइडसिक. यांचे संस्थापक जर्मन मुलखातून आलेले. माल कारखानदारी पद्धतीचा आणि गिऱ्हाईक परदेशी. अशा व्यापाराला एक प्राचीन, फ्रेंच, धर्मनिष्ठ पूर्वज हवा होता. भिक्षू त्या जागी चपखल बसला. वाफेच्या इंजिनांच्या काळातील मालावर मठाच्या घंटेचा नाद चढवला गेला.

२०/
याच काळात नावाची लढाईही चालू होती. १८८७ मध्ये आंजे येथील न्यायालयाने लुआर खोऱ्यातील वाइनवाल्यांना ‘शॅम्पेन’ हे नाव वापरण्यास मनाई केली. नाव त्या भूमीचे आहे, असा हा निर्णय. उत्तम. पण त्या भूमीत राबणाऱ्यांचे काय? काही व्यापारी बाहेरची स्वस्त द्राक्षे आणून तीच वाइन ‘शॅम्पेन’ म्हणून विकत आणि स्थानिक बागायतदारांचा भाव पाडत. फिलॉक्सेरा किडीने वेली मेल्या होत्या. १९१० चे पीक जवळजवळ पूर्ण बुडाले.

२१/
जानेवारी १९११ मध्ये बांध फुटला. बागायतदारांनी परक्या वाइनची पिंपे मार्न नदीत लोटली. एप्रिलमध्ये आयी गावात तळघरे फोडली गेली, आगी लागल्या, सैन्य आले. जानेवारीच्या दंगलीची गावे होती दामेरी आणि ओव्हिलेर. होय, तेच ओव्हिलेर. ज्या गावच्या भिक्षूचे नाव घेऊन व्यापारी भूमीचे पावित्र्य गात होते, त्याच गावच्या शेतकऱ्यांना त्या भूमीचा भाव मागण्यासाठी रस्त्यावर यावे लागले. या बंडाच्या झळांतूनच पुढे १९२७ मध्ये प्रदेशाची सीमा कायद्याने पक्की झाली.

२२/
‘गोड गोष्ट आहे, कशाला मोडायची?’ असा आक्षेप नेहमी येतो. उत्तर सोपे आहे. गोष्ट म्हणून सांगितली तर कोणाचीच हरकत नाही. पण ती इतिहास म्हणून विकली जाते तेव्हा ती इतरांची जागा बळकावते. १८२१ चे पत्र आज लाखोंना ठाऊक असलेली कथा बनले. १९११ चे बंड मोजक्यांनाच ठाऊक आहे. या दोन स्मृतींतले अंतर आपोआप पडलेले नाही. एकीच्या मागे जाहिरातीचा खर्च होता, दुसरीच्या मागे कोणीच नव्हते.

२३/
आता पुन्हा साक्षीदाराकडे. एपर्नेच्या दक्षिणेला ‘कोत दे ब्लाँ’ हा खडूच्या मातीचा उतार आहे. तेथील ल मेनील-स्युर-ओजे गावात एजेन-एमे सालों या फरच्या व्यापाऱ्याने एक हट्ट धरला : एक गाव, एक द्राक्ष, एक वर्ष. पहिले पीक १९०५ चे, विक्री १९२० च्या दशकापासून. वर्ष मनासारखे नसेल तर वाइन काढायचीच नाही. साऱ्या विसाव्या शतकात या घराण्याने केवळ ३७ वर्षांची वाइन आपल्या नावाने काढली. शतकातील बाकीची बहुतेक वर्षे नाकारण्याचा हा बाणा.

२४/
ही बाटली पेरिन्याँ यांच्याशेजारी ठेवा. त्यांना काळी द्राक्षे हवी होती, हिच्यात एकही नाही. त्यांची खरी कला अनेक बागांची जुळवणी, ही एकाच गावाची. ते फेस टाळू पाहत होते, हिचा प्राणच फेस. एकाच गावची व्हिंटेज ब्लाँ द ब्लाँ ही त्यांच्या शिकवणीची तिन्ही बाजूंनी उलटलेली प्रतिमा आहे. शॅम्पेनचे हे सर्वांत नितळ रूप त्यांच्या वारशातून आले नाही. त्यांचा सल्ला बाजूला ठेवून ते घडले.

२५/
याच गावात ‘क्लो द्यु मेनील’ ही जेमतेम १.८४ हेक्टरची, भिंतीने वेढलेली द्राक्षबाग आहे. भिंतीत साल कोरलेले आहे : १६९८. त्या वर्षी पेरिन्याँ हयात होते आणि ओव्हिलेर तेथून फार दूर नाही. क्रुग घराण्याने १९७० च्या दशकात ही बाग घेतली आणि १९७९ च्या पिकापासून केवळ तिच्याच शार्दनेची व्हिंटेज काढू लागले. दगड सत्य सांगतो, कारण त्याला काही विकायचे नसते.

२६/
महाराष्ट्राशी याचा धागा जुळतो तो नावापाशी. १९८० च्या दशकात नारायणगाव येथे फ्रेंच तांत्रिक साहाय्याने फेसाळ वाइन तयार होऊ लागली. त्या कंपनीच्या तेव्हाच्या नावातच ‘शॅम्पेन’ हा शब्द होता. २०१३ मध्ये, ‘डॉम पेरिन्याँ’ ही महागडी मुद्रा ज्या समूहाकडे आहे, त्याच समूहाने नाशिकच्या द्राक्षांची फेसाळ वाइन भारतात आणली. तिला मात्र शॅम्पेन म्हटले नाही, म्हणताही येणार नाही. पद्धत तीच, बुडबुडे तेच, फरक भूमीचा. नाव भूमीचे आहे हे तत्त्व त्या कंपन्यांना पक्के ठाऊक आहे. मग श्रेय मात्र एका माणसाचे कसे?

२७/
पेरिन्याँ यांच्यावर अन्याय करण्याचा हेतू येथे नाही. उलट अन्याय दंतकथेनेच केला. ४७ वर्षे छाटणी, तोडणी आणि जुळवणी यांत घालवणाऱ्या साक्षेपी कोठाऱ्याला तिने आकस्मिक चमत्काराचा धनी करून टाकले. जे त्यांनी कष्टाने साधले ते पुसले गेले आणि जे त्यांनी टाळले ते त्यांच्या नावावर चढले. खोटी थोरवी खऱ्या माणसालाही गिळते, हे सर्वच देशांच्या चरित्रनायकांना लागू आहे.

२८/
म्हणून पुढच्या वेळी कोणी तारे पिणाऱ्या भिक्षूची गोष्ट सांगितली, तर तीनच प्रश्न विचारावेत. हे प्रथम कोणी लिहिले? घटनेनंतर किती वर्षांनी? आणि त्यातून कोणाचा माल खपला? हे तीन प्रश्न शॅम्पेनपुरते नाहीत. गडाच्या पायथ्याशी सांगितल्या जाणाऱ्या कथांनाही ते लागू पडतात, आणि तेथे ते विचारायला थोडे अधिक धैर्य लागते.

(समाप्त)